इतका वेळ काय ऐकत होतात?

"मग इतका वेळ तुम्ही ऐकत काय होतात?" असे एका आईने मला विचारले, तेव्हा तिच्या स्वरात तक्रार नव्हती, भाबडे आश्चर्य होते. तिच्या सहा वर्षांच्या मुलाची छाती मी बराच वेळ ऐकली होती. त्याला निजवून, मग बसवून, मग उभे करून, आणि पुन्हा निजवून. शाळेतल्या आरोग्य तपासणीत कुणीतरी त्याच्या कार्डावर 'मर्मर' (हृदयाच्या ठोक्यांच्या मध्ये ऐकू येणारा जादा आवाज) एवढेच लिहून दिले होते आणि तेव्हापासून पंधरवडाभर त्या घरात कोणी धड झोपले नव्हते. मुलाचे पळणे बंद, सायकल बंद, जिना चढताना आजीचा हात पाठीशी. एवढे सगळे सोसून ही माणसे सदाशिव पेठेतल्या माझ्या दवाखान्यात आली, मी डोळे मिटून कान लावून बसलो, आणि शेवटी म्हणालो, "काही नाही, खेळू द्या त्याला." तिला हे पटणे कठीणच होते. काही नसेल तर ते मिनिटभरात कळायला हवे. इतका वेळ लागला त्या अर्थी काहीतरी सापडले असणार, आणि सापडले ते डॉक्टर सांगत नाहीत. तिच्या जागी मी असतो तर मीही असाच हिशेब मांडला असता.

तिला मी जमेल तसे उत्तर दिले, पण पुढचा पेशंट आत येऊन बसला होता आणि ते उत्तर अर्धेच राहिले. उरलेले अर्धे तेव्हापासून डोक्यात घोळते आहे.

मर्मर ऐकू यायला मला वेळ लागला नव्हता. तो स्टेथोस्कोप टेकवताच आला होता, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, डाव्या कडेला, खालच्या बाजूस, प्रत्येक धडधडीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मधल्या जागेत. छोटासा, गुणगुणता, जवळजवळ सुरेल. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०९ साली या मर्मरचे वर्णन करताना ताणलेली तार छेडल्यासारखा आवाज असे म्हटले होते. त्यांच्या मनात कोणती तार होती कोण जाणे, पण डिसेंबरातल्या सवाईच्या मंडपात ज्याने चार रात्री काढल्या आहेत त्या पुणेकराला तंबोऱ्याखेरीज दुसरे काही आठवणार नाही. निरोगी मुलांच्या हृदयात, विशेषतः दोन ते सात या वयात, हा आवाज इतक्यांदा भेटतो की तो ऐकून मला खरे तर बरे वाटते. ताप असला, मूल घाबरलेले असले, पळून आलेले असले की तो वाढतो. मोठेपणी तो बहुधा आपोआप नाहीसा होतो आणि कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण तो तोच आहे, हे ठरवायचे असते ते आजूबाजूला काय नाही यावरून. तिथे वेळ जातो. दुसऱ्या ठोक्यानंतरची जागा, म्हणजे हृदय सैल पडून रक्त भरून घेते तो काळ, पूर्ण मोकळा आहे ना, हे आधी पाहायचे, कारण त्या जागेत काहीही ऐकू आले तर ते सहसा निरुपद्रवी नसते. मग खुद्द दुसऱ्या ठोक्याकडे वळायचे. तो एक वाटला तरी दोन झडपांच्या मिटण्याचा बनलेला असतो, आधी महाधमनीची आणि पाठोपाठ फुप्फुसाच्या धमनीची. श्वास आत घेतला की त्या दोहोंतले अंतर थोडे वाढते, सोडला की मिटते. ते अंतर श्वासाबरोबर हलले पाहिजे. न हलता तसेच रुंद राहिले तर वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र असण्याची शक्यता असते, आणि असे मूल बाहेरून अगदी ठणठणीत दिसते. सहा वर्षांच्या मुलाला "श्वास घे" म्हटले की तो गाल फुगवतो आणि श्वास रोखून आईकडे अभिमानाने बघतो, त्यामुळे त्याच्या नकळत चाललेल्या श्वासावरच नजर ठेवावी लागते. मग मर्मर पहिल्या ठोक्यापासून थेट दुसऱ्यापर्यंत पसरलेला आहे की आधीच संपतो, ते बघायचे. पसरलेला असेल तर खालच्या कप्प्यांमधल्या छिद्राचा विचार करावा लागतो. मग मुलाला उभे करायचे. उभे राहिल्यावर पायांकडे रक्त उतरते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, आणि निरुपद्रवी मर्मर मवाळ होतो. तो उलट वाढला तर मात्र कान टवकारले जातात, कारण हृदयाचा स्नायूच जाड झाल्याच्या एका आजारात, ज्यात मैदानावर धावताना तरुण मुले अचानक कोसळू शकतात, मर्मर उभे राहिल्यावर मोठा होतो. शेवटी जांघेतली नाडी हाताला लागते ना, हेही चाचपायचे. तेवढ्यापुरता स्टेथोस्कोप गळ्यात जातो.

त्या मुलाचा मर्मर उभे राहिल्यावर जवळजवळ विरून गेला होता. "काही नाही" या दोन शब्दांमागे हे एवढे सारे होते.

तरीही तिने विचारले, "डॉक्टर, एकदा टूडी इको करून घ्यायचा का?" हृदयाच्या त्या सोनोग्राफीची चिठ्ठी मी लिहून दिली. मुलाच्या हृदयाला त्या तपासणीची गरज नव्हती, घरातल्या झोपेला होती, आणि झोप हीही प्रकृतीचीच गोष्ट आहे. चार दिवसांनी तिचा आनंदाने फोन आला की इकोत काही निघाले नाही. मलाही आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या तळाशी एक बारीकसा काटा होता, तो लपवण्यात अर्थ नाही. तेच वाक्य मी बोललो होतो तेव्हा ते एक मत होते. यंत्राने कागदावर छापून दिल्यावर ते सत्य झाले.

ऐकण्याच्या कामातली निम्मी मेहनत ऐकण्याजोगी जागा तयार करण्यात जाते, हे वैद्यकीच्या बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पंखा बंद करायचा, मोबाईल बाजूला ठेवायला सांगायचे, दार लावायचे, स्टेथोस्कोपची चकती तळहातात धरून कोमट करायची. साडीवरून ऐकले तर कापडाची सळसळ फुप्फुसांच्या आवाजात मिसळते. पुरुषांच्या छातीवरचे केस चकतीखाली चुरचुरतात, ते ओल्या बोटाने चापून बसवावे लागतात. मंगळसूत्राचे मणी चकतीला लागले की नेमका झडपेच्या टिचकीसारखा आवाज येतो. अनुभवी बायका न सांगता मंगळसूत्र मुठीत धरून खांद्याकडे सरकवतात, आणि त्या मुठीवरून कळते की या बाईंची छाती याआधी पुष्कळदा ऐकली गेली आहे.

बाहेरच्या रस्त्याचे काय करणार? रिक्षांचे आवाज एक वेळ चालतात, त्यांची पट्टी वरची असते. पण पावसाळ्यात नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळची ओपीडी अवघड होते. ढोलाचा घुमारा अंतर कापून, भिंतीतून, खुर्चीच्या पायांतून वर येतो, आणि हृदयातले जे मर्मर सर्वांत दुर्बोध, खर्जातले आणि चुकवू नयेत असे, त्यांचीही जागा तिथेच खाली असते. माणसाचा कान खर्जाला मुळातच मंद. महत्त्वाची छाती असेल तर अशा दिवसांत मी सरळ सकाळी बोलावतो. गणपती माझेही लाडके आहेत, पण मायट्रल झडपेचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचा, मर्मर ताशाच्या साथीने ऐकता येत नाही.

हा खर्जातला मर्मर मी शिकलो ससूनमध्ये. बी. जे. मेडिकलच्या त्या वर्षांत वॉर्डांतून ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचे पेशंट भरपूर असत. वेल्हे, मुळशी, भोरकडच्या बायका, तिशीच्याही आतल्या. लहानपणी कधी तरी घसा दुखला, मग सांधे सुजले, ते आठ-पंधरा दिवसांत बरे झाले आणि घरचे विसरून गेले. शरीर विसरले नव्हते. घशातल्या जंतूंशी लढण्यासाठी उठलेली प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरही उलटते, आणि पुढच्या वर्षांत झडपेचे पडदे जाड होत, एकमेकांना चिकटत जातात. पहिल्या बाळंतपणापर्यंत बाईला काही कळत नाही. गर्भारपणात रक्ताचे आकारमान चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, अरुंद झालेल्या झडपेतून ते पुढे सरकत नाही, आणि एका रात्री ती उठून बसते ती दम लागूनच. दर २१ दिवसांनी घ्यायचे पेनिसिलीनचे एक इंजेक्शन नेमाने मिळाले असते तर पुन्हा पुन्हा येणारा ताप टळून कित्येकींच्या झडपा वाचल्या असत्या. ते इंजेक्शन भयंकर दुखते, एसटीचा एक आख्खा दिवस खाते, आणि बरे वाटत असताना ते का घ्यायचे, याचे उत्तर समजावून सांगायला सरकारी ओपीडीत कुणाला सवड नसते.

आमचे सर निदान विचारत नसत. स्टेथोस्कोप कानात घालून आम्ही ऐकत असताना ते म्हणत, "नाव नको. ठेका दाखवा." आणि आम्ही खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर बोटाने ठेका वाजवायचा. नाडी मिनिटाला ७२ धरली तर एका आवर्तनाला सेकंदाचे आठ दशांश मिळतात. त्यातले साधारण तीन आकुंचनाचे, पाच प्रसरणाचे. त्या पाच दशांशांत मायट्रल झडप अरुंद झालेल्या हृदयात काय काय घडते ते बोटाने दाखवायचे असे. पहिला ठोका खणखणीत, दुसरा, त्याच्या पाठीला लागून झडप उघडतानाची एक टिचकी, आणि मग लांब, खडबडीत घरघर, जी पुढच्या पहिल्या ठोक्याआधी जराशी चढते. दुसरा ठोका आणि टिचकी यांतले अंतर जितके कमी, तितकी झडप अधिक आवळलेली. हे अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजायचे असते, आणि चांगला तयार झालेला कान ते खरोखर सांगू शकतो. कपाटावर वाजणाऱ्या बोटांतून सरांना तत्काळ कळे की कोणाला काय ऐकू येते आणि कोण पुस्तकातले वाजवतो आहे. बाहेर स्टेशनावरून गाडीची शिटी आली की ते हात वर करून सगळ्यांना थांबवत.

त्या वॉर्डात परीक्षेच्या दिवसांत हमखास बोलावल्या जाणाऱ्या एक मावशी होत्या. विद्यार्थी जवळ आला, बोटे अडखळू लागली, की त्या हळूच विचारत, "डाव्या कुशीला वळू का, दादा?" डाव्या कुशीवर वळले की हृदयाचे टोक छातीच्या भिंतीला टेकते आणि ती घरघर स्पष्ट येते. स्टेथोस्कोपची घंटेच्या आकाराची बाजू त्या टोकावर नुसती टेकवायची, दाबायची नाही. दाबली की खालची त्वचाच ताणली जाऊन चकतीच्या पडद्यासारखी वागते आणि खर्जातले सूर गाळून टाकते. मावशी तेही सांगत: "लई दाबू नका." परीक्षकाला हे कळत होते की नाही, याविषयी आमच्यात मतभेद होते. माझे मत असे की त्यांना सगळे कळत होते आणि मावशींना विचारण्याची अक्कल असणे हेही ते गुणांत धरत होते.

ऐकणे आणि ऐकल्याचा अर्थ लागणे यांत किती अंतर असू शकते, याची मोठी साक्ष खुद्द स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांची आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावण्याचा संकोच वाटून त्यांनी कागदाची सुरळी केली, ही कथा सर्वांना पाठ आहे. तीन वर्षांनी त्यांचा ग्रंथ आला, आणि छातीतले आवाज त्यांच्याइतके बारकाईने त्याआधी कुणी ऐकले नव्हते. तरीही दुसरा ठोका हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाने होतो, असे ते मानत. ठोके झडपांच्या मिटण्याशी निगडित आहेत, हे रुआने या फ्रेंच वैद्याने १८३२ साली मांडले, तोवर लेनेक जाऊन सहा वर्षे झाली होती. आवाज तोच, कान उत्तम, पण आत काय चालले आहे याचे चित्र वेगळे. मला हे वाचून दर वेळी थोडा धीर येतो आणि थोडी धास्तीही वाटते.

लोकांना वाटते की मोठा आवाज म्हणजे मोठा आजार. १९३३ साली अमेरिकेत सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्याने मर्मरच्या तीव्रतेच्या सहा पायऱ्या ठरवल्या, त्या आजही आम्ही वापरतो. पहिल्या पायरीचा मर्मर शांत खोलीत लक्ष देऊन काही वेळ ऐकल्याशिवाय उमगत नाही आणि सहाव्या पायरीचा चकती छातीपासून किंचित उचलली तरी ऐकू येतो. पण ही पायरी आवाजाची, धोक्याची नव्हे. खालच्या कप्प्यांमधले बारीक छिद्र प्रचंड गोंगाट करते आणि मूल मजेत असते. उलट बाजूचे उदाहरण आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचे.

ते वर्षानुवर्षे पहाटे पर्वती चढत. त्यांच्या महाधमनीच्या झडपेत वयानुसार कॅल्शियम साठत होते आणि उरोस्थीच्या उजव्या बाजूला, वर, एक खरखरीत मर्मर होता जो मानेतल्या धमन्यांपर्यंत पोचे. दर सहा महिन्यांनी मी तो ऐकत असे. आधी त्याची चढती कमान आकुंचनाच्या सुरुवातीलाच टोक गाठून उतरत असे. वर्षागणिक ते टोक पुढे सरकू लागले, दुसरा ठोका मऊ पडू लागला, मनगटातली नाडी आळसावल्यासारखी हळूहळू वर येऊ लागली. "दम लागतो का?" विचारले की उत्तर ठरलेले, "छे, अजिबात नाही." पर्वती मात्र सुटली होती. कारण पाऊस, मग कारण कुत्री, मग कारण वय. जो चढतच नाही त्याला दम लागणार कसा? खरी हकिकत आजींनी सांगितली. मंडईतून येताना हे दोनदा थांबतात, म्हणाल्या, आणि वाकून चपलेचा अंगठा नीट करतात. चपलेला काही झालेले नसते. त्या खेपेला मी ऐकले तर मर्मर पूर्वीपेक्षा बारीक झाला होता, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत असलेल्या आजोबांनी आशेने विचारले, "आवाज कमी झाला ना?" झाला होता. हृदयात तो आवाज काढण्याचीच ताकद उरली नव्हती.

अशा वेळी चेहऱ्याचे काय करावे, हे कुठल्या पुस्तकात नाही. या आजारात लक्षणे सुरू झाल्यावर उपचाराविना सरासरी दोन ते पाच वर्षे, असे आकडे आम्ही शिकलो आहोत. ते आकडे डोक्यात आणि समोर उघड्या छातीचा माणूस. मी "हो, कमी आहे, पण ते मला आवडलेले नाही" असे म्हणालो आणि मग त्यांना शर्ट घालू दिला, कारण गंभीर गोष्ट ऐकताना माणसाच्या अंगात शर्ट असावा असे माझे मत आहे. इकोने झडपेचे क्षेत्रफळ मोजून दिले, जे माझ्या कानाला कधीच जमले नसते. छाती न उघडता पायातल्या रक्तवाहिनीतून झडप बसवण्याची जी पद्धत फ्रान्समधल्या आलँ क्रिबिए यांनी २००२ साली प्रथम माणसावर वापरली, तीच त्यांच्यावर वापरली गेली. पर्वती पुन्हा सुरू झाली नाही, कारण आता गुडघे. पण चपलेचा अंगठा तेव्हापासून शाबूत आहे, असा आजींचा अहवाल आहे.

म्हणून यंत्राविरुद्ध कान असे भांडण मला खोटे वाटते. हल्ली स्टेथोस्कोपच मर्मर ओळखून दाखवतात, खिशात मावणारे सोनोग्राफीचे यंत्र घेऊन तरुण डॉक्टर वॉर्डात फिरतात, आणि माझे कान वयाप्रमाणे वरच्या पट्टीला कमी पडू लागले आहेत. महाधमनीची झडप गळत असेल तर तो फुंकर घातल्यासारखा मर्मर वरच्या पट्टीचा असतो. पेशंटला पुढे वाकवून, श्वास पूर्ण सोडून रोखायला लावून ऐकावा लागतो. तो मी आता अधिक सावधपणे ऐकतो, आणि शंका आली की इको सांगतो. मला एवढेच खुपते की कान न लावताच चिठ्ठी लिहिली जाते. रक्त कमी असलेली वसतिगृहातली मुलगी, थायरॉइड वाढलेली बाई, तापाने फणफणलेले मूल, या सगळ्यांच्या हृदयातून रक्त वेगाने धावते आणि मर्मर उमटतो. हिमोग्लोबिन सुधारले, ताप उतरला की तो जातो. अशांना पुन्हा बोलावून पुन्हा ऐकणे पुरते. पण त्यासाठी कुणीतरी पहिल्यांदा नीट ऐकलेले असावे लागते.

त्या आईच्या प्रश्नानंतर मी एक बदल केला आहे. चकती टेकवण्याआधीच सांगून टाकतो, "मी सावकाश ऐकतो. वेळ लागला म्हणजे काही सापडले असे समजू नका." बहुतेक जण मान डोलावतात आणि तरीही माझ्या भुवयांवरून नजर काढत नाहीत.

जूनमध्ये शाळांचे दाखले येतात, तेव्हा खरी पंचाईत होते. छापील तक्त्यात 'हृदय' असा एक रकाना असतो, बोटभर रुंदीचा, बहुधा 'सामान्य' लिहिण्यापुरता. निरुपद्रवी मर्मर असलेल्या मुलाच्या दाखल्यावर तिथे काय लिहावे? 'मर्मर आहे' लिहिले तर खेळाचे सर त्याला वर्षभर मैदानाच्या कडेला स्कोअर लिहायला बसवतील. नुसते 'सामान्य' लिहिले तर पुढचा डॉक्टर तो ऐकून दचकेल आणि एखादे घर पुन्हा पंधरवडाभर जागे राहील. मी सगळे लिहितो: मर्मर आहे, निरुपद्रवी आहे, उभे राहिल्यावर कमी होतो, सर्व खेळांना परवानगी आहे. एवढे त्या रकान्यात मावत नाही. ते शेजारच्या 'दात' आणि 'दृष्टी'वरून जाऊन समासात उतरते, आणि शाळेच्या कार्यालयातून दर वर्षी एखादा तरी फोन येतो की डॉक्टर, अक्षर वाचता येत नाही, मूल खेळू शकते ना, तेवढे सांगा.